मालिकेतली कोणती बाई बघण्यासारखी?

आज आम्ही तुमच्याशी टीव्हीवरच्या मालिकांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. बचत, हप्ता, अंतर्गत कर्ज, परतफेड हे तर आपण दर महिन्याला बोलतोच. पण बैठक सुरू व्हायच्या आधी, सगळ्या जणी येईस्तोवर सतरंजीवर बसल्या बसल्या आपण काय बोलतो? कालच्या सिरीयलमध्ये काय झालं, ते बोलतो. नागपूर जिल्ह्यात गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक ताया गावोगाव हेच ऐकतो. काटोलकडे संत्र्याच्या बागेत जाणाऱ्या बाया असोत, की रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या असोत, संध्याकाळच्या मालिकेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

घरचे लोक म्हणतात, बाया सिरीयल पाहून बिघडल्या. आम्हाला ते पटत नाही. क्रिकेटचा सामना दिवसभर चालतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की माणसं बिघडली. दिवसभर निंदणाला जायचं, घरी येऊन सैपाक करायचा, ढोरांचं पाहायचं, आणि मग अर्धा तास टीव्हीपुढं टेकायचं, यात वावगं काय? म्हणून बघावं की बघू नये, हा आमचा प्रश्नच नाही. आमचा प्रश्न असा आहे की, जिला आपण रोज अर्धा तास देतो, वर्षानुवर्षं देतो, ती मालिकेतली मुख्य बाई बघण्यासारखी कशानं होते?

हा प्रश्न आम्ही काही बैठकांमध्ये विचारून पाहिला. उत्तरं साधारण तीन प्रकारची आली. पुष्कळ जणी म्हणाल्या, "ते लई सोसते बिचारी, म्हणून पाहातो." काही तरुण सुना म्हणाल्या, "तिच्या साड्या, तिचं दिसणं छान असते." आणि तिसरं उत्तर आलं ते असं, "राधिका आवडत होती बाई, ते आपल्यावानी बोलत होती, अन् तिनं मसाल्याचा धंदा उभा केला होता." हे तिसरं उत्तर आम्हाला सगळ्यात कामाचं वाटलं. त्यापासूनच सुरुवात करू.

राधिका म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतली राधिका सुभेदार. ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली, म्हणजे साडेचार वर्षं चालली. राधिका नागपूरची. लग्न होऊन मुंबईत गेलेली, पैसा जपून वापरणारी, घासाघीस करणारी, घरचं सगळं हातानं करणारी. नवरा गुरुनाथ मोठ्या नोकरीत. त्याला हिची लाज वाटते, ही गावठी वाटते, आणि त्याचं शनाया नावाच्या मुलीशी प्रकरण चालू असतं. राधिकेचं काम अनिता दाते यांनी केलं. त्या मूळच्या नाशिकच्या, पण मालिकेत नागपुरी बोलल्या. आपल्याकडच्या काही बायांनी तेव्हाही नाक मुरडलं होतं की, "आपण काही एवढं ओढून बोलत नाही." ते असो. पण एक गोष्ट खरी की, तोवर मालिकांच्या नायिका बहुतेक पुण्या-मुंबईची भाषा बोलायच्या. आपल्यासारखं बोलणारं पात्र असलंच, तर ते हसवायला असायचं. इथं "काय करून राहिली" म्हणणारी बाई गोष्टीच्या मधोमध उभी होती, आणि तिच्या बोलण्याला हसणारा नवरा गोष्टीत खोटा ठरत होता. आमच्या एका गटातली बाई म्हणाली, "बँकेत आपली बोली बोलायची मले लाज वाटे. राधिका पाहून वाटलं, काहून लाजावं?" मालिकेनं इतकं जरी केलं, तरी ते कमी नाही.

पण नुसत्या भाषेनं कोणी बघण्यासारखं होत नाही. राधिकेत आणखी चार गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट, तिला काहीतरी येत होतं. तिच्या हाताला मसाल्याची चव होती. हे कसब तिला कोणी वरदान म्हणून दिलं नव्हतं. ते तुमच्या-आमच्या घरात असतं तसंच होतं. फरक इतकाच की, तिनं त्याला किंमत लावली. घरात चुलीपुढं केलेलं काम फुकट असतं आणि तेच पुडीत भरलं की पैसा येतो, हे साडेचार वर्षं लाखो घरांत दिसत राहिलं.

दुसरी गोष्ट, तिनं स्वतः ठरवलं. नवऱ्याचं प्रकरण कळल्यावर ती पुष्कळ दिवस त्याला परत आणायची धडपड करते, हे खरं. पण पुढं ती त्याच्या घरातून बाहेर पडते, धंदा सुरू करते आणि शेवटी घटस्फोट घेते. यातलं एकेक ठरवताना तिला काहीतरी सोडावं लागतं.

तिसरी गोष्ट, ती एकटी नव्हती. तिच्या बाजूला शेजारणी होत्या, आणि तिचे सासू-सासरेही मुलाच्या बाजूनं न उभं राहता सुनेच्या बाजूनं उभे राहिले. मालिकांमध्ये सासू म्हणजे छळणारी, हे इतकं ठरून गेलेलं आहे की, सुनेची बाजू घेणारी सासू दिसली याचं आपल्याला नवल वाटलं. आमच्या गटांत सासू आणि सून दोघीही असतात. कर्जाच्या अर्जावर एकमेकींना जामीन राहतात. मग टीव्हीवरच त्या कायम एकमेकींच्या जिवावर उठलेल्या का असाव्यात?

चौथी गोष्ट, ती बदलली. पहिल्या वर्षातली राधिका आणि चौथ्या वर्षातली राधिका सारखी नव्हती. बोलणं तेच राहिलं, पण नजर बदलली.

आता ही मालिका कुठं ढिली पडली, तेही सांगायला हवं. राधिकेची कंपनी बघता बघता तीनशे कोटींची झाली. लोक हसले, मोबाईलवर विनोद फिरले. आपण का हसलो? बाईचा धंदा मोठा होऊच शकत नाही, म्हणून हसणारे काही असतील. पण आम्ही गटवाल्या बाया हसलो, कारण मधल्या पायऱ्याच दिसल्या नाहीत. मिरची कांडपाचा धंदा ज्या गटांनी केला आहे, त्यांना विचारा. भिवापूरची मिरची हंगामात घ्यायची तर आधी हाताशी पैसा लागतो. मिरची नीट वाळली नाही तर बुरशी धरते. कांडप यंत्राची मोटर ऐन दिवाळीच्या तोंडावर जळते. पाकिटावर नाव, वजन, तारीख छापावी लागते, एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. दुकानदार माल घेतो आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणतो. उधारी वसूल करायला नात्यातल्या बाईच्या दारात जायचं तर पाय उचलत नाहीत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या बाईला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, पण त्यासाठीही कागद जमवून खेटे घालावे लागतात. यातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक भाग झाला असता, आणि आपण श्वास रोखून पाहिला असता. राधिकेला उधारी वसूल करताना पाहायला आम्हाला शनायाच्या कारस्थानापेक्षा जास्त आवडलं असतं. जिला काही अडतच नाही, तिच्याकडे बघत राहण्यात मजा उरत नाही. अडचण खरी हवी आणि तिनं ती आपल्या डोक्यानं सोडवायला हवी.

आणि एक. मालिकेचं नावच बघा, 'माझ्या नवऱ्याची बायको'. राधिका एवढी मोठी झाली, तरी गोष्ट फिरून फिरून नवऱ्याच्या भानगडीवर येत राहिली. बाईची गोष्ट नवऱ्यापासून सुरू झाली तर हरकत नाही. तिथंच गोल गोल फिरत राहिली, की आपण कंटाळतो.

मालिका पाहून बाई काही शिकते का, हा प्रश्न आजचा नाही. आणि त्याचा धागा आपल्या विदर्भापर्यंत येतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसेल. वसंत साठे हे आपल्या शेजारच्या वर्ध्याचे खासदार. १९८० नंतर ते केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९८२ च्या सुमारास ते मेक्सिको देशात जाऊन आले आणि तिथल्या मालिकांचा कारभार पाहून, भारतातही अशी मालिका असावी ही कल्पना पुढं आली. तिथं मिगेल साबिदो नावाचे मालिका करणारे गृहस्थ होते. त्यांनी १९७५ मध्ये प्रौढांनी लिहायला-वाचायला शिकावं म्हणून एक मालिका केली. ती पाहून लाखो माणसांनी साक्षरता वर्गात नाव घातलं. साबिदोंना ही युक्ती सुचली ती आणखी एका देशातली मालिका पाहून. पेरू देशात १९६९ मध्ये मारिया नावाच्या मुलीची मालिका आली होती. मारिया खेड्यातून शहरात येते, लोकांकडे धुणीभांडी करते, लिहायला-वाचायला शिकते, शिलाई मशीनवर शिवायला शिकते आणि पुढं मोठी कपडे बनवणारी होते. ही मालिका जिथं जिथं दाखवली, तिथं सिंगर शिलाई मशीनचा खप वाढला. बघा, पेरूची मारिया आणि नागपूरची राधिका, एकीच्या हातात मशीन आणि दुसरीच्या हातात मसाला.

साबिदोंनी एक गोष्ट नीट ओळखली होती. त्यांच्या मालिकेत तीन तऱ्हेची माणसं असायची. एक चांगली, एक वाईट आणि तिसरी अधलीमधली, म्हणजे मन डळमळणारी, चुकणारी, हळूहळू बदलणारी. बघणाऱ्याचा जीव अडकतो तो या तिसरीत. कारण आपण तशाच असतो. पूर्ण देवीही नसतो आणि पूर्ण कैदाशीणही नसतो.

तर साठेसाहेबांच्या त्या फेरीनंतर दूरदर्शनवर 'हम लोग' आली. जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता, किंवा ज्या शेजारच्यांच्या ओसरीवर बसून पाहायच्या, त्या मावश्यांना ती आठवत असेल. दारू पिणारा बाप बसेसर राम, त्याचा जाच सोसणारी आई भगवंती, आणि मुली बडकी, मझली, छुटकी. सुरुवातीला त्यात कुटुंब नियोजनाचा उपदेश फार होता. तेरा भाग होईपर्यंत लोक कंटाळले, मग उपदेश कमी केला आणि माणसांची गोष्ट वाढवली, तेव्हा मालिका चालली. यातून आम्हा समन्वयक तायांनाही शिकण्यासारखं आहे. बैठकीत नुसतं भाषण दिलं की बाया जांभया देतात.

पण 'हम लोग'ची खरी गोष्ट पुढंच आहे. भगवंती हे पात्र करणाऱ्यांनी मुद्दाम असं घडवलं होतं की, बाईनं असं मुकाट सोसलं तर काय होतं ते लोकांना दिसावं. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, सगळं गिळून ती घर सांभाळते. तिला पाहून बायांनी म्हणावं, "आपण असं नाही राहायचं." झालं उलटंच. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी पुढं बघणाऱ्यांना विचारलं, तेव्हा पुष्कळ लोकांनी, आणि त्यात बायाच जास्त, भगवंतीलाच आदर्श म्हणून सांगितलं. करणाऱ्यांनी दिवा दाखवला खड्ड्यावर आणि बायांना वाटलं, देऊळ आहे.

मैत्रिणींनो, आमच्या बोलण्यातला कळीचा मुद्दा हाच आहे. "ते लई सोसते बिचारी, म्हणून पाहातो" हे उत्तर आजही सगळ्यात जास्त येतं. चाळीस वर्षांत टीव्ही काळ्या-पांढऱ्याचा रंगीत झाला, मोबाईलवर आला, पण हे उत्तर बदललं नाही. सोसणारी बाई पाहून आपल्याला रडू येतं, कारण आपलंच दुखणं तिथं दिसतं. रडून मन हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. पण सोसणं आणि चांगुलपणा एकच आहे, असं मनात बसलं की मग घात होतो. एका गावात मार खाणारी एक बाई आम्हाला म्हणाली, "ताई, सोसलं तर एक दिवस नवरा सुधारतेच. सिरीयलमध्ये नाही का सुधारत?" मालिकेत नवरा सुधारतो, कारण लेखकानं त्या दिवशीच्या भागात तसं लिहिलेलं असतं. आपल्या घरात असा लेखक बसलेला नाही. तिथं तीनशे भागांनंतर सुख येईल याची हमी कोणी देत नाही. म्हणून इथं आम्ही सांगून ठेवतो की, घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि सगळ्यात आधी आपला गट आहे.

त्याच १९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी'ही आली होती. प्रिया तेंडुलकर रजनी झाल्या होत्या. ही पण संसारी बाई, पण अडलं तिथं जाब विचारणारी. गॅसवाला असो, टॅक्सीवाला असो, ती पदर खोचून उभी राहायची. एका भागावर तर टॅक्सीवाल्यांनीच निषेध केला. भगवंती आणि रजनी एकाच काळात, एकाच पडद्यावर. एक सोसून मोठी झाली, दुसरी विचारून मोठी झाली. दोघीही लोकांना आवडल्या. मग घरी जाऊन आपण कोणीसारखं वागलो, ते ज्याचं त्यानं आठवावं.

अलीकडची 'आई कुठे काय करते' घ्या. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी पाच वर्षं चालली. मूळ गोष्ट बंगाली मालिकेची. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधतीचं काम केलं. अरुंधती सुरुवातीला भगवंतीचीच बहीण आहे. घरातल्या सगळ्यांचं करते, आणि तीच सगळ्यांच्या हिशोबात 'काही करत नाही'. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे उशिरा कळतं. पण ती तिथंच थांबत नाही. अडखळत, रडत, मुलांचा राग ओढवून घेत ती घटस्फोट घेते, गाणं परत सुरू करते, कमावती होते, पुन्हा लग्नही करते. मुलं मोठी झालेल्या बाईनं आयुष्य परत सुरू केलं, हे बघायला आपल्या चाळिशी-पन्नाशीच्या मावश्या टीव्हीपुढं का बसायच्या, ते आम्हाला कळतं. ती अधल्यामधल्या प्रकारातली आहे, डळमळणारी आणि बदलणारी. ती जेव्हा जेव्हा काही ठरवायची, तेव्हा मालिका जिवंत व्हायची. जेव्हा महिना महिना ती फक्त इतरांचे घोळ निस्तरत बसायची, तेव्हा आपण भाजी चिरता चिरताच बघायचो.

दिसण्याबद्दलही दोन शब्द बोलू. 'रंग माझा वेगळा' या मालिकेत दीपा ही सावळ्या रंगाची नायिका. सावळ्या मुलीला लग्नात, घरात काय ऐकावं लागतं, हे त्यात मांडलं. विषय आपल्या घरोघरचा. पण काम करणाऱ्या रेश्मा शिंदे मुळात उजळ, त्यांना रंग लावून सावळं केलं. आपल्याकडे उन्हात काम करणाऱ्या, खऱ्याखुऱ्या सावळ्या किती तरी गुणी मुली असताना रंग लावावा लागला, यातच बरंच काही आलं. सुनांनो, साड्या जरूर पाहा. आम्हीही पाहतो. पण साडी सोडून त्या बाईबद्दल दुसऱ्या दिवशी काही आठवत नसेल, तर आपण नायिका पाहिली नाही, कपड्याचं दुकान पाहिलं.

आणि नायिका तरुणच असावी असंही नाही. 'चार दिवस सासूचे' मध्ये रोहिणी हट्टंगडी यांनी सासूबाईंचं काम केलं. ती मालिका २००१ ते २०१३ इतकी वर्षं चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. घराचा कारभार हाताळणारी वयस्क बाई एवढा काळ लोकांनी पाहिली. म्हणजे बघणाऱ्याला वय आडवं येत नाही.

आता खऱ्या बाईवरची एक मालिका सांगतो. 'उंच माझा झोका', झी मराठीवर २०१२ मध्ये आली. रमाबाई रानडे यांच्या आयुष्यावरची. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली रमा. नवरा, न्यायमूर्ती रानडे, तिला शिकवायला तयार. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायाच तिच्या शिकण्यावर रागावलेल्या. उघड भांडायचं तर घर मोडतं, आणि शिकायचं सोडायचं तर स्वतःचं नुकसान. त्या लहान मुलीनं दोन्ही सांभाळत वाट काढली. पुढं याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, बायांना शिक्षण आणि कामाचं शिक्षण दिलं. या मालिकेत विहिरीत ढकलणं, विष कालवणं असलं काही लागलं नाही. एक मुलगी पाटीवर अक्षर काढते, आणि माजघरातून कोणी येतंय का म्हणून कान देते, एवढ्यावर आपल्या छातीत धडधड व्हायची. कारण तिला काय हवं आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मिळवायला तिला काय भोगावं लागेल तेही ठाऊक होतं. नायिका बघण्यासारखी व्हायला एवढ्या दोन गोष्टी पुरतात.

पण अशी प्रत्येक मालिका टिकत नाही. २०२० मध्ये सोनी मराठीवर सावित्रीबाई आणि जोतिबांवर 'सावित्रीजोती' आली आणि त्याच वर्षी बंद झाली, कारण बघणारे कमी पडले. टीव्हीवर काय टिकतं ते टीआरपीवर ठरतं. निवडक घरांत यंत्रं बसवलेली असतात, कोण काय बघतं ते त्यात नोंदलं जातं आणि दर आठवड्याला आकडा निघतो. आकडा वाढला तर तीच भानगड लांबवतात, आकडा पडला तर गोष्ट वळवतात. म्हणजे सोसणाऱ्या बाईला आपण जास्त बघितलं, तर आणखी सोसणाऱ्या बायाच येतील. यंत्र आपल्या घरात नसेल, पण आपल्यासारख्याच कोणाच्या तरी घरात आहे.

मग आपण काय करायचं? 'हम लोग'च्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि चार वाक्यांत बोलायचे. आज जे घडलं त्यात कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, तुम्ही असता तर काय केलं असतं, असं. लोकांची लाखांनी पत्रं आली. आता मालिका संपली की जाहिरात लागते, बोलायला कोणी येत नाही. अशोककुमारांचं ते काम आता आपल्या गटानं करावं, असं आमचं म्हणणं आहे. बैठकीत पाच मिनिटं ठेवा, जास्त नको. आपण ज्या मालिकेबद्दल बोलतो, तिच्यातल्या मुख्य बाईबद्दल चार प्रश्न विचारा.

पहिला, या आठवड्यात तिनं स्वतः काय ठरवलं? दुसऱ्यांनी तिच्यासाठी ठरवलेलं मोजायचं नाही. दुसरा, त्याची किंमत कोणी मोजली? तिसरा, तिला कोणतं काम येतं आणि तिच्या नावावर काय आहे, पासबुक, घर, जमीन, धंदा? चौथा, तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं, आणि ती कोणाच्या बाजूनं उभी राहिली?

चारही उत्तरं रिकामी आली, तर समजावं की ही बाई पडद्यावर आहे, पण गोष्टीत नाही. एक-दोन जरी भरली, तरी ती बघण्यासारखी आहे. आणि गंमत अशी की, हे प्रश्न टीव्हीतल्या बाईला विचारता विचारता हळूच आपल्याकडे वळतात. एका गटात तिसऱ्या प्रश्नावर एक बाई म्हणाली, "तिच्या नावावर काही नाही म्हणता, माझ्या नावावर तरी काय हाय?" त्या दिवशी बैठक अर्धा तास लांबली. घराच्या नमुना आठवर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावण्याचा विषय निघाला, आणि पुढच्या ग्रामसभेत तो मांडायचं ठरलं. हे कुठल्याही प्रशिक्षणातून निघालं नव्हतं, सिरीयलच्या गप्पांतून निघालं.

एका मावशीनं मात्र आम्हाला सुनावलं. म्हणाली, "बाई, दिवसभर वावरात राबतो, सांजच्याला जरा मन रमवतो, तिथंही तू शाळा भरवतं का?" मावशी, तुमचं बरोबर आहे. बघताना काही विचार करू नका. हसा, रडा, शनायाला शिव्या घाला. विचार दुसऱ्या दिवशी, चार जणी मिळून. एकटीनं पाहिलं की आपण नुसतं रडतो. चौघींत बोललं की भगवंती कुठं चुकली ते कळतं.

आणखी एक काम सांगतो. ज्यांच्या घरी नात, मुलगी शाळेत जाते, त्यांनी तिला विचारा की, तुला कोणती नायिका आवडते आणि का. तिचं उत्तर ऐकून घ्या, मधे बोलू नका. ती म्हणाली, "लई सोसते म्हणून," तर समजा, आपल्याला घरात बोलायला विषय मिळाला.

पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न विचारून पाहा, आणि काय उत्तरं आली ते ठराव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आम्ही गावात आलो की ती वही आम्हाला दाखवा. बचतीचे आकडे आम्ही तपासतोच, या वेळी हेही वाचू.